दरफलक, दलाल आणि प्रवासी



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींनी मनाशी म्हटले असेल, की वसंतातल्या संध्याकाळी इतिहासाच्या व्यासपीठावर हॉटेलच्या खोल्यांचे भाव कशाला? शंका रास्त आहे. नागपुरात इतिहास म्हटला, की भोसल्यांचा दरबार आणि सीताबर्डीची लढाई डोळ्यांपुढे उभी राहते. पण लढाया केवळ रणांगणावरच होतात असे नाही. आपण किती पैसे देणार आहोत हे पैसे देण्यापूर्वी कळावे, एवढ्या साध्या हक्कासाठीही माणसे पिढ्यान्‌पिढ्या झगडत आली आहेत. आणि त्या झगड्याचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या विदर्भातच लिहिला गेला आहे. त्याची आठवण आज करून द्यावी लागते, कारण तोच झगडा मोबाईलच्या पडद्यावर पुन्हा सुरू झाला आहे.

निमित्त घडले ते येथल्याच, लकडगंजातल्या, एका वखारीवर. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ तेथे लाकडाचा व्यापार करतात. आईच्या अस्थी घेऊन पत्नी व मुलासह त्यांना काशीस जावयाचे होते. दोन रात्रींसाठी मोबाईलवर खोली पाहिली. भाव दिसला रात्रीला १,४०० रुपये, म्हणजे दोन रात्रींचे २,८००. वर हॉटेलचे नाव, हॉटेलचेच छायाचित्र. तेव्हा आपण हॉटेलशीच व्यवहार करीत आहोत अशी त्यांची समजूत झाली, आणि ती स्वाभाविक होती. नाव, गाव, दूरध्वनी, कार्डाचा क्रमांक, सारे भरून झाल्यावर शेवटच्या पायरीवर कर १४० रुपये आले. ते ठीकच. त्यामागून ‘सोयीचे शुल्क’ म्हणून ३५० आले. न मागितलेल्या विम्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली होती, तिचे ९८ गेले. खोली जाते की काय ह्या धास्तीने त्यांनी ३,३८८ रुपये भरले. तेथे पोचल्यावर हॉटेलवाला म्हणाला, की ही नोंद दोघांचीच आहे, तिसऱ्याचे ६०० वेगळे. झाले ३,९८८. अठ्ठावीसशेचे चार हजार झाले! तक्रार करू लागताच हॉटेलवाल्याने हात वर केले: “तुम्ही पैसे आम्हाला दिलेच नाहीत; ज्याला दिलेत त्याला विचारा.” ज्याला दिले त्याचा तर चेहराही ह्यांनी पाहिला नव्हता.

परत आल्यावर त्यांनी जे वाक्य मला ऐकवले, ते मी त्यांच्याच बोलीत सांगतो. ते म्हणाले, “लाकडाचा इंच चुकला त माह्या डोयाले दिसते जी, पण हे माप त मले दिसलंच नाही.”

ह्या एका वाक्यात आजच्या व्याख्यानाचे सारे सार आहे. पैसे जास्त गेले ह्याचे त्यांना दुःख नव्हते. मोजमाप ज्याच्या हाडीमांसी खिळले आहे अशा माणसाला माप दिसूच दिले नाही, ह्याचे होते. म्हणून प्रथम त्यांच्याच धंद्याकडे पाहू.

लकडगंज म्हणजे लाकडाची पेठ. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग ज्या शहरात येऊन पडतो, त्या शहरातल्या वखारी आणि आरागिरण्या ह्या पेठेत नांदल्या. गोल लाकूड मोजावयाची एक जुनी रीत आहे. ओंडक्याचा घेर मोजावयाचा, त्याचा चौथा हिस्सा घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा आणि लांबीने गुणावयाचे. इंग्लंडात एडवर्ड हॉपस नावाच्या मापकाने १७३६ साली ह्या हिशेबाची कोष्टके छापली आणि त्याचेच नाव ह्या मापाला पडले. आता चार फूट घेराचा आणि दहा फूट लांबीचा ओंडका घ्या. घेराचा चौथा हिस्सा एक फूट, वर्ग एक, गुणिले दहा; माप भरले दहा घनफूट. पण भूमितीने पाहाल तर त्या ओंडक्यात सुमारे पावणेतेरा घनफूट लाकूड असते. म्हणजे खऱ्या लाकडापैकी शेकडा एकवीस भाग ह्या मापात हिशेबालाच धरला जात नाही!

मग ही फसवणूक झाली काय? नाही. ओंडका चौकोनी करताना पाठी निघतात, आरीच्या पात्याखाली भुसा पडतो. ह्या सुटीचा अंदाज त्या रीतीत धरलेला आहे. मुख्य गोष्ट अशी, की घेणारा आणि देणारा दोघेही तिच्या अंतरंगाशी परिचित आहेत. एकच फीत दोघांच्या डोळ्यांसमोर ओंडक्याभोवती फिरते. दोघांना ठाऊक असलेली सूट ही रीत होय. एकालाच ठाऊक असलेली सूट ही लूट होय. ही कसोटी मनाशी धरून आपण आता लाकडाच्या पेठेतून कापसाच्या बाजारात जाऊ, कारण तेथे ह्या कसोटीचा कस लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात जाऊ लागला. शेतकरी बंडी भरून पेठेत येई आणि अडत्याच्या दारात बंडी सोडी. पुढचे दृश्य आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकले असेल. अडत्या आणि खरेदीदार एका रुमालाखाली हात घालीत. बोटे दाबून भाव ठरे. ह्या रीतीला ‘हत्ता’ म्हणत. ज्याचा माल, तो शेजारी उभा. आणि त्याच्या मालाचा भाव कापडाखाली! भाव ठरला, की वजावटीची रांग लागे. अडत, दलाली, हमाली, तोलाई, वजनातला कडता, धर्मादाय, गोरक्षण. प्रत्येक बाब तोंडावर पाहिली तर लहान आणि काही तर पुण्याच्या नावाची. पण पट्टी हातात पडे तेव्हा शेतकऱ्याला कळे, की बाजारात ऐकलेला भाव एक आणि पदरात पडलेला भाव दुसरा.

आता त्या वखारवाल्याचा हिशेब पुन्हा आठवा. सोयीचे शुल्क, विमा, तिसऱ्या माणसाचे वेगळे. नावे पालटली आहेत, रुमाल काचेचा झाला आहे. पण हात त्याखालीच आहेत.

ह्या रुमालावर पहिला घाव विदर्भात पडला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगितली पाहिजे. वऱ्हाड तेव्हा नावाने निजामाचे आणि कारभाराने इंग्रजांचे होते. कारंजा येथे १८८६ साली रेसिडेंटाच्या हुकुमाने देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला. त्यामागून १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. बाजाराची जागा ठरली, दलालांना आणि तोलणाऱ्यांना परवाने आले, त्यांची फी ठरली, देखरेखीला समिती आली. सरकारला शेतकऱ्याचा कळवळा आला होता असे मानण्याचे कारण नाही. गिरण्यांना स्वच्छ आणि भरवशाचा कापूस हवा होता. हेतू काहीही असो, तत्त्व मात्र प्रस्थापित झाले. दलाली घ्या, पण ती किती हे आधी सांगा. पुढे लॉर्ड लिनलिथगोच्या अध्यक्षतेखालील शेतकी आयोगाने १९२८ च्या आपल्या अहवालात वऱ्हाडच्या ह्या पद्धतीची दखल घेऊन, तीत सुधारणा करून असे बाजार इतर प्रांतांत काढावेत अशी शिफारस केली. मध्यप्रांताचे कायदे १९३२ आणि १९३५ साली झाले. महाराष्ट्र राज्याचा कृषी उत्पन्न बाजाराचा कायदा १९६३ साली झाला. रुमाल गेला, उघड लिलाव आला. इतवारीतला धान्याचा मोठा व्यापार आज कळमन्याच्या बाजार आवारात चालतो. तेथेही सारे आलबेल आहे असे कोणी म्हणणार नाही. पण बोली कानावर पडते, आणि कानावर पडलेल्या बोलीवर भांडता येते.

ह्या हकिकतीतली एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारंज्यापासून राज्याच्या कायद्यापर्यंत पंचाहत्तरांहून अधिक वर्षे लागली. अडत कोणी द्यावी हा प्रश्न तर त्यानंतरही उरलाच. फळे आणि भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, हा निर्णय महाराष्ट्रात २०१६ साली झाला! युक्ती एका रात्रीत निघते. तिच्यावरचा उपाय पिढ्या घेतो.

येथवर मालाची गोष्ट झाली. आता मुक्कामाची पाहू. नागपुरास आगगाडी आली १८६७ साली. पायी आणि बैलगाडीने चालणारा प्रवासी ओळखीच्या घरी, देवळाच्या ओसरीत किंवा धर्मशाळेत उतरे. तेथे भाव नसे, मर्जी असे. आगगाडीने अनोळखी माणसांना अनोळखी शहरात रात्री-अपरात्री आणून सोडले आणि मुक्काम ही विकत घेण्याची वस्तू झाली. योगायोग असा, की त्याच १८६७ साली हिंदुस्थानच्या कायदेमंडळाने सरायांविषयीचा कायदा केला. त्यात सराय राखणाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. खोल्या झाडून स्वच्छ ठेवाव्यात, चौकीदार नेमावेत, साथीचा आजारी आढळल्यास वर्दी द्यावी. आणि त्यांतच एक कलम असे, की जिल्हाधिकारी सांगेल त्या जागी, त्या नमुन्यात आणि त्या भाषांत दरांची यादी लावावी. त्या कायद्याच्या मनात पोलिसी बंदोबस्त अधिक आणि प्रवाशाचे हित कमी होते हे खरे. तथापि, ‘त्या भाषांत’ ह्या दोन शब्दांवर क्षणभर थांबा. दर असून भागत नाही. तो उतारूला वाचता आला पाहिजे, एवढे शहाणपण १८६७ च्या कायद्याला होते. आज बारीक अक्षरांत, परक्या भाषेत, तीन पडद्यांआड ठेवलेल्या अटींना ते कलम लावून पाहावे.

मध्यस्थाचा जन्मही ह्याच काळातला. तो मुळात वाईट होता असे समजू नये. थॉमस कुक ह्या इंग्रज व्यावसायिकाने १८६८ च्या सुमारास हॉटेलची कुपने काढली. प्रवाशाने घरून निघण्यापूर्वी कुपन विकत घ्यावे आणि परमुलखात हॉटेलवाल्याने ते कुपन घेऊन ठरलेले अन्न आणि अंथरूण द्यावे. भाषा येत नाही म्हणून चार पैसे जास्त पडण्याचे भय गेले. ह्या पेढीची कचेरी १८८१ साली मुंबईतही निघाली. कुकही दलालीवरच जगत होता. पण कुपनावर छापलेली रक्कम हीच द्यावयाची रक्कम होती. मध्यस्थाने प्रवाशाच्या अज्ञानावर धंदा केला नाही, अज्ञान दूर करण्यावर केला.

दुसऱ्या प्रकारचा मध्यस्थ आपल्याला स्थानकाबाहेर भेटत असे. फलाटावरून बाहेर पडले, की टांगेवाला विचारी, कोठे उतरणार? आपण नाव घेतलेली लॉज भरली आहे असे तोच सांगे, आणि जेथे त्याला प्रवाशामागे काही सुटे, तेथे टांगा नेऊन उभा करी. तो खर्च भाड्यात चढे आणि उतारूला त्याचा पत्ता नसे. मात्र एवढे म्हटले पाहिजे, की टांगेवाला समोर दिसत असे. दुसऱ्या दिवशी त्याच नाक्यावर त्याला गाठता येई.

संकेतस्थळावरून खोली ठरविणे सुरू झाले तेव्हा कुकच्या कुपनाचे युग परत आले असे पुष्कळांना वाटले, आणि काही अंशी ते आलेही. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरची लहान लॉज आज बालाघाटच्या माणसाला घरबसल्या दिसते. मेयोत रुग्ण दाखल करावयास निघालेल्या भंडाऱ्याच्या कुटुंबाला मध्यरात्री दारोदार फिरावे लागत नाही. हा उपकार लहान नाही आणि त्याची दलाली घेण्याचा हक्क मध्यस्थाला आहे. प्रश्न असा, की तो कुक होतो, की टांगेवाला?

ह्याचे एक उत्तर ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने दिले आहे. हॉटेलांच्या भावांची तुलना करून दाखविणाऱ्या ट्रायव्हागो ह्या संकेतस्थळाविरुद्ध तेथील ग्राहक आयोगाने फिर्याद केली. आम्ही स्वस्त भाव शोधून देतो, असे हे स्थळ लोकांना सांगत होते. न्यायालयाने २०२० साली निर्णय दिला, की अग्रभागी कोणता भाव दाखवायचा हे ठरविताना, त्या स्थळाला कोण किती पैसे मोजतो ह्याला मोठे वजन होते. शंभरांपैकी सुमारे सदुसष्ट वेळा अग्रभागी दाखविलेल्या भावाहून स्वस्त भाव त्याच यादीत होता! २०२२ च्या एप्रिलमध्ये ४ कोटी ४७ लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड झाला. ब्रिटनमध्ये २०१९ साली सहा मोठ्या संकेतस्थळांनी तेथील स्पर्धा प्राधिकरणाला लिहून दिले, की छुपे आकार, भ्रामक सवलती आणि ‘शेवटची एकच खोली उरली’ अशी घाई लावण्याचे प्रकार आम्ही बंद करू. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून मुक्कामाच्या जाहिरातीत सक्तीच्या शुल्कांसह पूर्ण भाव दाखविण्याचा नियम अमलात आला.

आपल्याकडे तक्रार घेऊन प्रथम उठला तो हॉटेलवाला. हॉटेल व उपाहारगृहांच्या अखिल भारतीय महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या प्रकरणातला एक मुद्दा आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे. मध्यस्थाच्या करारात अशी अट होती, की हॉटेलवाल्याने आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावरही आपली खोली मध्यस्थाच्या भावाहून स्वस्त देऊ नये. ती काढून टाकावी असे आयोगाने सांगितले. शेतकऱ्याने आपल्याच शेताच्या बांधावर आपला माल अडत्याच्या भावाहून स्वस्त विकू नये, अशी ही अट! दलाल दोघांच्या मध्ये उभा राहतो तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर लक्ष ठेवावे लागते, हे ह्यावरून कळते.

प्रवाशासाठी नियम झाले आहेत. त्यांच्यामागे मराठी माणसांचेही श्रम आहेत. बिंदुमाधव जोशी ह्यांनी पुण्यात ग्राहक पंचायत उभारली. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली निघाली. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ सालचा. पण मला एक छोटी सुधारणा फार मोलाची वाटते. पूर्वी साबणाच्या वडीवर किंमत छापून पुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असे लिहिलेले असे. हे वेगळे कर किती, ते दुकानदार सांगेल तितके. १९९० पासून ‘सर्व करांसह’ कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले. त्या दोन शब्दांनी खेड्यातल्या निरक्षर म्हातारीलाही शहरी दुकानदाराच्या बरोबरीला आणले, कारण नातवाने आकडा वाचून दाखविला की वादच मिटला. साबणाच्या वडीला जे मिळाले, ते हॉटेलच्या खोलीला अजून पुरते मिळावयाचे आहे.

२३ जुलै २०२० च्या नियमांनी सांगितले, की संगणकी बाजारात विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड करून दाखवावी. आधीच खूण केलेल्या चौकटीला ग्राहकाची संमती मानू नये. त्यापुढे जाऊन ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी निषिद्ध केले. भाव थेंबाथेंबाने वाढवीत नेणे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकविणे आणि खोटी घाई लावणे हे तिन्ही त्यांत आहेत. आमच्या वखारवाल्याने ते सारे एका दुपारी भोगले होते. तेव्हा कायदा नाही असे नव्हे. पण वऱ्हाडचा इतिहास हे शिकवितो, की कायदा पुस्तकात येणे आणि रुमाल बाजारातून जाणे ह्यांत पुष्कळ अंतर असते, आणि ते अंतर गिऱ्हाइकाच्या बोलण्याने कापले जाते.

म्हणून शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. खोली ठरविताना शेवटच्या पायरीवरचा आकडा हाच भाव समजावा. पहिला आकडा ही केवळ हाक आहे. पैसे कोणाच्या नावाने जातात ते पाहावे. हॉटेलला स्वतः दूरध्वनी करून खोली कितीला, किती माणसांची, आणि येणे रद्द झाले तर परत काय मिळेल, हे विचारावे. पण तो क्रमांकही हॉटेलचाच आहे ह्याची खात्री करावी. खूण केलेल्या चौकटी पुसाव्यात. पावती आणि पडद्याचे चित्र जपून ठेवावे. फसगत झालीच तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर कळवावे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. तीनशे रुपयांसाठी कोण भांडत बसतो, असे आपण म्हणतो. धर्मादायाच्या दोन पैशांविषयी बंडीवाल्या शेतकऱ्यानेही असेच म्हटले होते, आणि त्या दोन-दोन पैशांवर माड्या उभ्या राहिल्या.

आमच्या वखारवाल्या मित्राने तक्रार केली. तिचा निकाल अद्याप यावयाचा आहे. परवा त्यांच्या वखारीवर गेलो तेव्हा एक सुतार साग पाहत होता. भाव ऐकून त्याने विचारले, “सगळं मिळून कितीक होते?” मित्राने कापाई, हमाली आणि गाडीभाडे मिळवून एकच आकडा सांगितला आणि फीत सुताराच्या हातात दिली. सुताराने स्वतः ओंडका मोजला. सौदा झाला.

सज्जनहो, ‘सगळं मिळून किती?’ हा प्रश्न आपल्या बाजारात फार जुना आहे. तो विचारताना आपण लाजू नये. आणि ज्याला त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, त्याच्या दारात आपली बंडी सोडू नये.